वस्तीचा धोका-आराखडा: पूर, उष्णता, दरड आणि दूषित पाण्यापासून होणारी हानी कमी कशी करावी

१४ जुलै २०२१च्या रात्री जर्मनीतली आर नदी काही तासांत कित्येक मीटर चढली. युरोपच्या पूर-अंदाज यंत्रणेकडून ऱ्हाइन खोऱ्यासाठी चार दिवस आधीपासून इशारे निघत होते. तरीही एकट्या आर खोऱ्यात १३०हून अधिक माणसं गेली. झिन्त्सिग या गावात अपंगांसाठीच्या निवासाच्या तळमजल्यावर पाणी शिरलं आणि तिथल्या १२ जणांचा बुडून मृत्यू झाला. याउलट ऑक्टोबर २०१३मध्ये फायलिन चक्रीवादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळायच्या आत सुमारे दहा लाख लोकांना हलवलं गेलं आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. त्याच किनाऱ्यावर १९९९च्या महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले होते.

अंदाज दोन्हीकडे होता. मात्र निरोप शेवटच्या घरापर्यंत पोचणं आणि पोचल्यावर त्या घरातल्या माणसाने कुठे, कसं, कोणासोबत निघायचं हे आधीच ठरलेलं असणं, या गोष्टी एकीकडे होत्या आणि दुसरीकडे नव्हत्या. ही तयारी सरकारं करतात, करायलाच हवी; पण तिचा मोठा भाग वस्तीलाच करावा लागतो, कारण कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलेलं आहे हे वस्तीलाच ठाऊक असतं. पुढे दिलेली पद्धत खेड्याला, शहरातल्या गल्लीला किंवा इमारतींच्या समूहाला सारखीच लागू पडते. पाच-सहा जणांचा गट जमला की सुरुवात करता येते.

पहिली पायरी: धोक्यांची यादी

कागदाचे दोन भाग करा. एका बाजूला अचानक येणारे धोके लिहा: पूर, ढगफुटी, वादळ, दरड, वणवा, उष्णतेची लाट, जवळच्या कारखान्यातली वायुगळती. दुसऱ्या बाजूला हळूहळू साचत जाणारे: खालावणारं भूजल, पाण्यातलं आर्सेनिक किंवा फ्लोराइड, धूर आणि धूलिकण, जमिनीत चढणारा खारेपणा, धूप. लोक सहसा दुसरी बाजू कोरीच ठेवतात. तिथल्या धोक्यांचा आवाज होत नाही, पण माणसं त्यांनीही मरतात.

प्रत्येक धोक्यापुढे तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. तो नेमका कुठे येतो? त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे? आणि त्यांच्यापैकी स्वतःहून सावरू न शकणारं कोण? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आत्ता मोघम राहिलं तरी चालेल, चौथ्या पायरीत ते नावानिशी भरायचं आहे. यादी लांबवू नका. सर्वांत जास्त जीव जाऊ शकतील असे चार धोके निवडा आणि पहिल्या वर्षी तेवढ्यांवरच काम करा.

दुसरी पायरी: जुन्या नोंदी, आणि त्यांची मर्यादा

वस्तीतल्या वयस्कर मंडळींना विचारा की आजवरचं सर्वांत उंच पाणी कुठवर आलं होतं. पुलांच्या खांबांवर आणि जुन्या भिंतींवर पूररेषा कोरलेल्या असतील तर जमिनीपासूनची उंची मोजून घ्या. स्थानिक दवाखान्यात उन्हाळ्यातल्या रुग्णांची नोंद असते, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात विहिरींच्या पातळ्या असतात. इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटावरच्या लोकांनी १९०७च्या त्सुनामीची आठवण गोष्टी-गाण्यांतून जपली होती: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळायचं. २००४मध्ये हे बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं, तरी तिथल्या सुमारे ७८ हजारांपैकी मोजकेच दगावले. आठवणीला एवढी किंमत आहे.

पण पूर्वी इथे कधी पाणी आलं नाही, या वाक्यावर आता विसंबून राहता येत नाही. तापमान एक अंशाने वाढलं की हवा सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे कोसळणारा पाऊस अधिक जोराने कोसळतो. जागतिक हवामान संघटनेच्या मोजणीनुसार २०२४ हे वर्ष औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी उष्ण होतं. म्हणून जुन्या सर्वोच्च रेषेच्या वर काही उंची राखून आराखडा करा.

इथेच एक हिशेब समजून घ्यायला हवा. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची नव्याण्णव वर्षं निवांत, असं नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का. तीस वर्षं एकाच घरात राहणाऱ्याला तो निदान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते, म्हणजे चारांतल्या एकाहून थोडी जास्त. घर घेताना, शाळा बांधताना हा आकडा समोर ठेवा.

वस्तीच्या वरच्या अंगाला काय आहे तेही विचारा. लिबियातल्या दर्ना शहराच्या वरच्या बाजूची दोन जुनी धरणं सप्टेंबर २०२३च्या वादळी पावसात रात्रीतून फुटली आणि हजारो माणसं गेली. धरण, खाणीचा गाळसाठा किंवा रसायनांची टाकी वर असेल तर तिची शेवटची तपासणी कधी झाली आणि ती फुटल्यास पाणी कुठवर येईल, हे लेखी विचारा आणि लेखी उत्तर मिळवा.

तिसरी पायरी: पायी फेरी

हातात वस्तीचा नकाशा घेऊन चालत जा. छापील नसेल तर हाताने काढलेला चालेल. एक फेरी मुसळधार पावसात, एक उन्हाळ्यात भर दुपारी आणि एक रात्री, दिवे गेलेले असताना. कोरड्या, प्रसन्न सकाळी काढलेल्या नकाशात निम्मे धोके येतच नाहीत.

पावसातल्या फेरीत पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुठे वळतं ते बाणांनी दाखवा. नाल्याच्या तोंडाशी काय अडकलंय, मोरीचा व्यास पुढे गेल्यावर अरुंद होतो का, विजेचे मीटर आणि पाण्याचा पंप जमिनीपासून किती उंचीवर आहेत, हे टिपा. मीटर गुडघ्याच्या उंचीवर असेल तर पुरात वीज आणि पाणी एकदमच जाणार, हे तिथल्या तिथे लिहून ठेवा.

उतारावरच्या वस्तीने आणखी बारकाईने पाहायचं. जमिनीत नव्या भेगा, विशेषतः उताराला आडव्या; पूर्वी सरळ असलेले खांब-झाडं कललेली; दारं-खिडक्या अचानक चौकटीत घट्ट बसू लागलेल्या; जिथे कधी झरा नव्हता तिथे पाझर; स्वच्छ झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं. यातल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या आणि पाऊस चालू असेल तर तज्ज्ञांची वाट पाहत बसू नका. खालची घरं रिकामी करा, मग फोन करा.

वणव्याचा प्रदेश असेल तर घराला चिकटून काय आहे ते बघा. बहुतेक घरं आगीच्या भिंतीने पेटत नाहीत, वाऱ्याबरोबर दूरवरून उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. छपराच्या पन्हाळीतला पाचोळा, भिंतीला टेकवलेली लाकडं, ओसरीवरची चटई, एवढंच त्यांना पुरतं. घराभोवतीचा पहिला दीड मीटर पट्टा जळाऊ वस्तूंपासून मोकळा ठेवणं हा स्वस्तातला सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

चौथी पायरी: घरोघरची नोंद

जुलै १९९५मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक लोक मेले. त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं प्रमाण मोठं होतं; दार ठोठावणारं कोणी नव्हतं. २००३च्या उन्हाळ्यात युरोपात सुमारे ७० हजार जास्तीचे मृत्यू झाले, तेव्हाही हेच दिसलं. म्हणून ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी हीच कंटाळवाणी म्हणून सोडली जाते.

प्रत्येक घराची एक ओळ करा: किती माणसं, कोणता मजला, एकटं राहणारं कोणी, चालू न शकणारं कोणी, ऑक्सिजन यंत्रावर किंवा डायलिसिसवर कोणी, गरोदर स्त्री, तान्हं मूल, कमी ऐकू येणारं किंवा इथली भाषा न समजणारं कोणी, आणि उन्हात राबणारं कोण. भाड्याने राहणारे, बांधकामावर तात्पुरते आलेले मजूर आणि रस्त्याकडेला झोपणारे हटकून सुटतात, त्यांच्यासाठी वेगळी फेरी करा. जनावरांचीही नोंद ठेवा. जनावर मागे सोडावं लागेल म्हणून घर न सोडणारी माणसं प्रत्येक पुरात असतात.

ही माहिती खाजगी आहे. कशासाठी घेतोय ते सांगा, संमती घ्या, यादी गटातल्या दोघांकडेच ठेवा आणि मोबाइलवरच्या समूहात कधीही टाकू नका. मग मदत लागणाऱ्या प्रत्येक माणसामागे दोन शेजारी नेमा. दोन अशासाठी की संकटाच्या दिवशी एक जण गावात नसेल.

पाचवी पायरी: इशाऱ्याचं कृतीत रूपांतर

नोव्हेंबर १९७०च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख लोक गेले. त्यानंतर १९७२मध्ये तिथे चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू झाला. आज त्यात ७५ हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत आणि जवळजवळ निम्म्या महिला. झेंडे, भोंगे, हातातला ध्वनिक्षेपक घेऊन ते दारोदार जातात. १९९१च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार बळी गेले, २००७च्या सिद्रमध्ये सुमारे साडेतीन हजार. किनाऱ्यावरची लोकसंख्या या काळात वाढलेली असूनही. स्वयंसेवकांमध्ये महिला असणं इथे निर्णायक ठरतं: जिथे बायका परक्या पुरुषाच्या सांगण्यावरून घराबाहेर पडत नाहीत किंवा निवाऱ्यात सुरक्षित आडोसा नसेल म्हणून जायला कचरतात, तिथे ओळखीच्या बाईचा शब्द चालतो.

तुमच्या वस्तीत इशारा येण्याचे निदान तीन मार्ग हवेत आणि त्यातला एक विजेवर वा मोबाइलवर अवलंबून नसावा. मार्ग ठरले की आकडे ठरवा. ‘पाणी वाढलं तर बघू’ याला अर्थ नाही. पुलाच्या खांबावर रंगाने तीन पट्टे ओढा. पिवळ्याला पाणी लागलं की मदत लागणारी माणसं, औषधं आणि कागदपत्रं हलवायची. नारिंगीला मुलं-जनावरं निघायची आणि विजेचा मुख्य स्विच बंद करायचा. लालला पाणी पोचायच्या आत वस्ती रिकामी झालेली असली पाहिजे. प्रत्येक पट्ट्यापुढे निर्णय घेणाऱ्याचं नाव आणि त्याच्या गैरहजेरीत घेणाऱ्याचं नाव. रात्रीचा पहारा कोणाचा तेही, कारण आरचा पूर रात्री आला आणि दर्नाचाही.

हे आकडे शांत दिवशी ठरवण्याचं कारण साधं आहे. पाऊस कोसळत असताना कोणालाही सर्वांना घराबाहेर काढण्याची जबाबदारी घ्यायची नसते. उद्या काही झालंच नाही तर लोक काय म्हणतील ही भीती असते. आकडा आधी ठरला की तो ओझं उचलतो. आणि दहापैकी काही वेळा बाहेर पडणं वाया गेल्यासारखं वाटेलच. तेव्हा वस्तीने चिडायचं नाही, हेही बैठकीत बोलून घ्या.

बाहेर पडण्याच्या वाटा नकाशावर ठळक करा आणि वाहत्या पाण्यातून जाणारी प्रत्येक वाट खोडा. वेगाने वाहणारं पंधरा सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाचे पाय उखडू शकतं. तीस सेंटिमीटर लहान मोटार ओढून नेऊ शकतं. पुरात गाडीत बसून जाणारे अनेक जण गाडीतच जातात. पाणी ओसरल्यावर जनित्र घराच्या आत चालवू नका, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पिण्याचं पाणी खळखळून निदान एक मिनिट उकळा.

सहावी पायरी: उष्णतेसाठी वेगळा आराखडा

उष्णतेची लाट घर पाडत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी बैठक घेत नाही. मे २०१०मध्ये अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३मध्ये त्या शहराने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. त्यातल्या गोष्टी कुठेही करता येतात: तापमानाच्या टप्प्यांनुसार इशारे, दवाखान्यांची आगाऊ तयारी, पाण्याची आणि सावलीची ठिकाणं, उन्हातल्या कामाच्या वेळा बदलणं.

दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे ३६ अंश दमट दिवस ४२ अंश कोरड्या दिवसाइतका किंवा त्याहून घातक ठरू शकतो. इशारा ठरवताना तापमानासोबत आर्द्रताही घ्या आणि रात्रीचं तापमान पाहा. रात्र गार झाली नाही तर शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा गरम झोत अंगावर फेकतो. तेव्हा अंग ओलं करणं आणि थंड खोलीत नेणं हाच उपाय. वरच्या मजल्यावर पत्र्याखाली राहणाऱ्यांसाठी तळमजल्यावरची एक थंड जागा दुपारभर उघडी ठेवा. छताला पांढरा परावर्तक रंग दिल्याने आतली उष्णता लगेच कमी होते.

माणूस बरळू लागला, गोंधळला किंवा कोसळला तर तो उष्माघात समजा. आधी रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका: सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला, मान-काख-जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

सातवी पायरी: न दिसणारे धोके मोजून घेणं

पाण्याचा साठा स्वच्छ दिसतो, चवीला गोड लागतो, म्हणून तो चांगला असं मानणं किती महागात पडतं याचं उदाहरण पुन्हा बांगलादेशचंच. तलाव-ओढ्यांच्या दूषित पाण्याने मुलं मरत होती, म्हणून १९७०च्या दशकापासून तिथे कूपनलिकांचा मोठा प्रसार झाला. हेतू उत्तम होता, जुलाबाचे आजार टाळण्यासाठीच. पण उथळ थरांतल्या पाण्यात नैसर्गिक आर्सेनिक होतं आणि ते तपासलंच गेलं नव्हतं. १९९०च्या दशकात त्वचेवरचे डाग, तळव्यांवरच्या गाठी आणि पुढे कर्करोग दिसू लागले. मग सुमारे ५० लाख कूपनलिका साध्या संचाने तपासल्या गेल्या. लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतील त्यांच्या तोंडाला हिरवा रंग, त्याहून जास्त असतील त्यांना लाल. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर १० मायक्रोग्रॅमची आहे.

रंगाच्या डब्याने केलेलं हे काम फार मोलाचं होतं. अक्षर न येणाऱ्या मुलीलाही कुठून पाणी भरायचं ते कळलं, आणि लाल नळीपासून हिरवी नळी बऱ्याचदा चालत जाण्याच्या अंतरावर निघाली. तुमच्या वस्तीतही प्रत्येक स्रोत क्रमांक देऊन तपासा. जिवाणू, नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक आणि क्षार एवढं तरी बघाच. पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या अखेरीस एकदा, कारण पातळी खाली गेली की प्रमाण बदलतं. निकाल स्रोतावरच रंगवा. आर्सेनिक, फ्लोराइड किंवा नायट्रेट असलेलं पाणी उकळू नका: उकळल्याने पाणी आटतं आणि विष दाट होतं.

हवेसाठी सूक्ष्म धूलिकण मोजणारं साधं यंत्र गटाने मिळून घेता येतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मार्गदर्शक मर्यादा वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आणि २४ तासांना १५ आहे. यंत्राचा एकेक आकडा अचूक नसतो, पण सकाळ-संध्याकाळचा आणि कचरा पेटवल्यानंतरचा फरक त्यात स्पष्ट दिसतो, आणि तेवढ्यावर कृती करता येते. स्वयंपाकघरातही मोजा. चुलीचा धूर घरातल्या बायका-मुलांच्या फुप्फुसात जातो आणि तो बाहेरच्या धुराइतकाच खरा आहे.

आठवी पायरी: उपाय निवडताना

आता कोणीतरी भिंत बांधा म्हणेल, कोणीतरी आणखी खोल बोअर घ्या म्हणेल. थांबा आणि प्रत्येक उपायाला हे प्रश्न विचारा: यामुळे पाणी किंवा धूर शेजारच्या वस्तीवर तर ढकलला जात नाही ना? वीज-इंधन नसेल तेव्हा हा चालेल का? दहा वर्षांनी त्याची डागडुजी कोण करणार? आणि मूळ कारण यामुळे वाढतंय की घटतंय?

जकार्तात भूजलाच्या अतिउपशाने जमीन खचली आणि शहराचे काही भाग समुद्रसपाटीखाली गेले. कितीही उंच बांध घातला तरी उपसा थांबेपर्यंत जमीन खचतच राहणार. टोकियोही एकेकाळी असंच खचत होतं. तिथे १९६०च्या दशकापासून उपशावर कडक निर्बंध आले आणि खचणं जवळजवळ थांबलं. नेदरलँड्सने १९९३ आणि १९९५च्या पुरांनंतर बांध आणखी उंच करण्याऐवजी तीसहून अधिक ठिकाणी नद्यांना पसरायला जागा दिली: बांध मागे सरकवले, पात्रालगतची मैदानं खोल केली. नायजरमध्ये १९८०च्या दशकाच्या मध्यापासून शेतकऱ्यांनी नवी रोपं लावण्याऐवजी शेतात उरलेल्या जिवंत खुंटांचे फुटवे राखायला सुरुवात केली आणि सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडी परत आली. जवळजवळ खर्चाशिवाय.

माझा कल स्पष्ट आहे. आधी ओढ्या-नाल्यांची वाट मोकळी करा, पाणथळ जागा आणि खारफुटी वाचवा, छतावरचं पाणी जमिनीत मुरवा, छपरं थंड करा. काँक्रीटचा विचार त्यानंतर. बांधाला विरोध नाही, काही ठिकाणी त्याला पर्यायच नसतो. पण बांध झाला की त्यामागची जागा सुरक्षित मानून तिथे आणखी घरं होतात, आणि तो ज्या दिवशी ओलांडला जातो त्या दिवशी पूर्वीपेक्षा जास्त माणसं पाण्याखाली असतात. बांध घातलात तर त्यामागे नवं बांधकाम न करण्याचा ठराव त्याच बैठकीत करा.

कार्बनचा विचारही याच पायरीत. थंडाव्यासाठी प्रत्येक खोलीत वातानुकूलन यंत्र लावणाऱ्या वस्तीचा बाहेरचा रस्ता आणखी तापतो आणि विजेचा भार वाढून लाटेच्या ऐन दिवशीच पुरवठा कोसळू शकतो. सावली, वायुवीजन आणि इन्सुलेशन आधी करून मग सौर ऊर्जेवर एक सामायिक थंड खोली, हा क्रम टिकतो.

नववी पायरी: तालीम आणि नोंदवही

आराखडा चार पानांच्या वर जाऊ देऊ नका. त्यातलं एक पान, नकाशा आणि रंगीत पट्टे असलेलं, प्रत्येक दारामागे लावा. स्थानिक प्रशासनाकडे प्रत देऊन पोच घ्या आणि त्यातली जी कामं वस्तीच्या आवाक्याबाहेरची आहेत ती अंदाजपत्रकात यावीत म्हणून दरवर्षी वेळेत अर्ज करा. २०१५मध्ये देशांनी मान्य केलेली आपत्ती जोखीम कमी करण्याची सेंडाई चौकट २०३०पर्यंत लागू आहे; स्थानिक पातळीवर असे आराखडे असणं हे तिच्या उद्दिष्टांतच आहे, अर्जात तिचा उल्लेख करा.

वर्षातून दोनदा तालीम घ्या, त्यातली एक रात्री. घड्याळ लावून पाहा की पिवळ्या पट्ट्याचा निरोप शेवटच्या घरी किती मिनिटांत पोचला आणि चालू न शकणारा माणूस निवाऱ्यात किती वेळाने आला. हे दोनच आकडे दर तालमीला नोंदवहीत लिहा. खरी घटना झाल्यावर आठवडाभराच्या आत पुन्हा जमा, आणि इशारा किती वाजता मिळाला, कोणाकडून, कोणतं घर सुटलं, कोणती वाट बंद निघाली, निवाऱ्यात काय कमी पडलं ते आठवत असतानाच लिहून काढा. सुटलेल्या घराला पुढच्या वेळी निरोप देणारे दोन शेजारी त्याच बैठकीत ठरवा आणि त्यांची नावं चौथ्या पायरीतल्या यादीत घाला.